ओट्यावरचं इंजिन

आपल्या इतिहासाच्या बाईंचा एक शब्द सगळ्यांना आठवत असेल. उत्तर बरोबर असलं तरी त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" शिवाजी महाराज आग्र्याहून पेटाऱ्यांतून निसटले असं कुणी उभं राहून सांगितलं, तरी "कशावरून?" आपण गप्प. पुस्तकात आहे म्हणून, एवढंच उत्तर आपल्याकडे असायचं आणि ते बाईंना चालायचं नाही.

स्मरणिकेसाठी लेख दे म्हणून निरोप आला, तेव्हा सहली, स्नेहसंमेलन आणि छड्या यांवर बाकीचे लिहितीलच हे मला माहीत होतं. मी एका लहानशा इंजिनाची गोष्ट लिहिते. ते १८९३ साली अमेरिकेत एका स्वयंपाकघरात चाललं. त्याची नक्कल मी गेली काही वर्षं माझ्या बाल्कनीत करत होते. बाईंचा "कशावरून" आणि वर्कशॉपच्या सरांची कानस, दोन्ही या कामात लागले.

आधी ती गोष्ट, जशी पुस्तकांत सांगतात तशी.

२४ डिसेंबर १८९३. नाताळची आदली रात्र. डेट्रॉइट शहरातल्या बॅगली अ‍ॅव्हेन्यूवरच्या ५८ नंबरच्या घरात क्लारा फोर्ड दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी करते आहे, पाहुणे यायचे आहेत. शेजारच्या खोलीत एड्सेल झोपलाय. त्याचा जन्म ६ नोव्हेंबरचा, म्हणजे बाळ जेमतेम सात आठवड्यांचं. नवरा हेन्री, वय तीस, एडिसन कंपनीच्या वीज केंद्रात इंजिनिअर. तो एका लाकडी फळीवर बसवलेलं इंजिन घेऊन येतो आणि स्वयंपाकघरातल्या सिंकला आवळून बसवतो. सिलिंडर म्हणजे एक इंची गॅस पाइपचा तुकडा, आतून घासून गुळगुळीत केलेला. फ्लायव्हील म्हणजे जुन्या लेथचं हाताने फिरवायचं चाक. ठिणगीसाठी वीज स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या तारेतून. आणि पेट्रोल? ते क्लाराने थेंब थेंब सोडायचं. हेन्री चाक फिरवतो, एकदोनदा नुसतीच फुसफुस होते, मग धडधड सुरू होते, सिंक थरथरतं, धुराच्या नळीतून ज्वाळा निघते. अर्धा-एक मिनिट इंजिन चालतं. हेन्री ते बंद करतो. पुढचं मोठं इंजिन बांधायला हरकत नाही, एवढी त्याची खात्री झालेली असते.

एवढीच गोष्ट. पुढे फोर्ड कोण झाला हे सांगायला नको.

माणूस म्हणून फोर्ड मला फारसा आवडत नाही, हेही इथेच सांगून टाकते. १९२० च्या दशकात त्याच्या मालकीच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या साप्ताहिकात ज्यूंविरुद्ध जे छापलं गेलं, ते वाचलं की त्याच्या मोटारीचं कौतुक घशाखाली उतरत नाही. पण १८९३ चा फोर्ड वेगळा होता. शेतकऱ्याचा मुलगा, कॉलेजचं तोंड न पाहिलेला, दिवसा वीज केंद्राची वाफेची इंजिनं सांभाळणारा आणि उरलेल्या वेळात भंगारातून काहीतरी जुळवत बसणारा. अशी माणसं आपल्याकडेही गल्लोगल्ली असतात आणि बायको कातावलेली असते.

पेट्रोल इंजिन फोर्डने शोधलं नाही, हे अर्थात खरं. ओट्टोने चार ठोक्यांचं इंजिन १८७६ सालीच चालवून दाखवलं होतं: आत घे, दाब, पेटव, बाहेर टाक. पण ते अवजड, एका जागी बसणारं आणि शहराच्या नळातल्या गॅसवर चालणारं. ते लहान आणि वेगवान करण्याचं काम त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या डाइमलर आणि मायबाख यांनी केलं, आणि तेही घरीच. १८८२ मध्ये डाइमलरने जर्मनीत कानस्टाट इथे बंगला घेतला आणि बागेतल्या काचघराला जोडून वर्कशॉप काढलं. दोघं रात्रंदिवस दार लावून आत. माळ्याला संशय आला की आत खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी धाड घातली तर आत हत्यारं आणि इंजिनाचे सुटे भाग. याच काचघरातून १८८५ मध्ये २६४ सीसीचं, मिनिटाला ६०० फेऱ्यांचं, अर्ध्या अश्वशक्तीचं उभं इंजिन बाहेर पडलं. दिसायला लंबकाच्या घड्याळासारखं, म्हणून त्याचं नावच 'उभं घड्याळ' पडलं.

नुसत्या हौसेसाठी अशी इंजिनं बांधणारेही लवकरच आले. १८९८ मध्ये लंडनला पर्सिव्हल मार्शल याने 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केलं. पुढे त्यात एडगर वेस्टबरीने घरच्या लेथवर होतील अशा छोट्या पेट्रोल इंजिनांची ड्रॉइंग वर्षानुवर्षं दिली. कारकून, मास्तर, दुकानदार अशी माणसं रविवारी अंगणातल्या शेडमध्ये बसून इंजिनं करायची. मला ही जमात कळली ती चाळिशीत.

आता शाळा. आठवीपासून मुलांना वर्कशॉप आणि मुलींना शिवण, अशी तेव्हा आपल्याकडे वाटणी होती. कुणी ठरवली, माहीत नाही, आणि आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही. शिवणाच्या खोलीच्या खिडकीतून वर्कशॉपची पत्र्याची शेड दिसायची आणि कानशींचा आवाज यायचा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी सरांना जाऊन विचारलं, मी बघू का? सर म्हणाले, "बघून काय येतंय? धर." आणि लोखंडाचा एक तुकडा वाइसमध्ये आवळून दिला. सपाट कर. मी घासायची, सर गुण्या लावून उजेडाकडे धरायचे, फट दिसली की तुकडा परत वाइसमध्ये. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी फट दिसली नाही. सर काही बोलले नाहीत, तुकडा माझ्या हातात ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे.

पुढे मी मेकॅनिकल केलं आणि आपल्या पिढीतल्या अनेकांसारखी सॉफ्टवेअरमध्ये गेले. वीस वर्षं हाताला ग्रीस लागलं नाही. लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा एक छोटा टेबलावरचा लेथ घेतला, बाल्कनीत बसवला, आणि पहिलं खरं काम म्हणून फोर्डचं हे इंजिन निवडलं. दिसायला अगदी सोपं वाटलं म्हणून. सोपं नव्हतं.

माझ्या नकलेचा बोअर एक इंच, स्ट्रोक दीड इंच. सिलिंडर जाड भिंतीच्या सीमलेस पाइपचा. पिस्टन, म्हणजे आपल्या पुस्तकातला दट्ट्या, बिडाचा. फ्लायव्हील कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ओतून आणलं. तिथले कारागीर ड्रॉइंग उलटसुलट बघून म्हणाले, "ताई, कशाला एवढी खटपट? चायनाचं तयार मिळतंय की." पण दुसऱ्या दिवशी फोन करून बोअर किती, रिंगा किती घालणार, हे त्यांनीच विचारलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांत एकदाच उघडावा लागतो, त्यासाठी एकास दोन गियर हवेत. ते पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एका मोडक्या यंत्रातून मिळाले, वीस आणि चाळीस दात्यांचे. इनलेटचा व्हॉल्व्ह त्या काळच्या बहुतेक इंजिनांसारखा, हलक्या स्प्रिंगचा, पिस्टन खाली जाताना ओढीने आपोआप उघडणारा.

रिंगांनी जीव खाल्ला. बिडाची पातळ कडी लेथवर काढायची, एका जागी कापायची, आणि पिस्टनवर चढवताना ताणायची. बीड ताणलेलं सहन करत नाही. सहा मोडल्या. सातवी आणि आठवी बसल्या, तर हवा व्हॉल्व्हच्या बुडाशी गळायला लागली. व्हॉल्व्ह सीटवर पेस्ट लावून बोटांनी मागेपुढे फिरवत घासायचा, वर रॉकेल ओतून ठेवायचं, सकाळी उतरलेलं दिसलं की परत घासायचा. म्हणजे पुन्हा गुण्या आणि उजेड. लहान इंजिनाला गळती परवडत नाही याला कारण आहे. सगळी मापं अर्धी केली की आतली जागा आठव्या हिश्श्यावर येते, भिंतींचं क्षेत्रफळ मात्र चौथ्या हिश्श्यावरच थांबतं. म्हणजे दर थेंब जाळामागे उष्णता चोरणारी भिंत दुप्पट. मोठ्या इंजिनात जी चूक खपून जाते, ती इथे खपत नाही.

शेवटी दाब बसला. चाक फिरवलं की पिस्टन अंगठ्याला मागे ढकलायला लागला. ठिणगीसाठी मोटारसायकलची कॉइल, प्लग आणि बॅटरी. (घरातली लाइन जोडण्याचा मूर्खपणा कुणी करू नये. फोर्डने केला होता, पण तो वीज कंपनीतच कामाला होता.) आणि इंजिन सुरू होईना.

इथे माझी गाडी चार महिने अडली, आणि इथेच मला ती १८९३ ची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली.

कार्ब्युरेटर काय करतो? हवा किती जाते आहे त्या मानाने पेट्रोल देतो. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. प्रमाण फार बिघडलं की मिश्रण पेटतच नाही. फोर्डच्या त्या इंजिनाला कार्ब्युरेटर नव्हता. मग मी कागद घेऊन बसले. माझ्या सिलिंडरात एका वेळी एकोणीस-वीस घनसेंटिमीटर हवा मावते, तिचं वजन सुमारे तेवीस मिलिग्रॅम. तिला पेट्रोल लागतं दीड मिलिग्रॅम. पेट्रोलचा एक थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा बराच लहान असतो, दहा-पंधरा मिलिग्रॅमचा. म्हणजे एक थेंब सात ते दहा स्फोटांना पुरतो. मिनिटाला तीनशे फेऱ्या धरल्या तर सेकंदाला अडीच स्फोट. तेव्हा दर तीन-चार सेकंदांनी एक थेंब. मी तर धार लावली होती! प्लग ओला, सिलिंडर ओला, ठिणगी बुडालेली.

बरं, तीन-चार सेकंदांना एक थेंब हे हिशोब इंजिन एका वेगाने चालत असेल तर. सुरुवातीला चाक हाताने हळू फिरतं तेव्हा कमी लागतं. पेट घेतला की वेग एकदम चढतो, लगेच जास्त लागतं. जोर कमी झाला की परत कमी. स्क्रू एकदा लावून ठेवला आणि झालं, असं नाही. अर्ध्या मिनिटात चार वेळा मन बदलावं लागतं, आणि तेही कानाने, आवाज कुठे ओला होतोय, कुठे कोरडा पडतोय ते ऐकून. चाक फिरवणाऱ्याचे दोन्ही हात आणि सगळं लक्ष चाकात असतं. मी एकटीने करून बघितलं, उजव्या हाताने चाक, डाव्या हाताने थेंब. जमलं नाही.

पुस्तकांत लिहिलेलं असतं की क्लाराने हेन्रीला 'मदत केली'. पोळ्या लाटताना नवऱ्याला स्क्रूड्रायव्हर दिला, तशी मदत वाटते ती वाचताना. प्रत्यक्षात त्या रात्री त्या इंजिनाचा कार्ब्युरेटर क्लाराची बोटं होती. इंजिनाचा एक अख्खा भाग अजून बांधलेलाच नव्हता आणि त्याच्या जागी ती उभी होती.

आता बाईंचा प्रश्न. कशावरून? ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती पुढे घरच्यांनी सांगितलेल्या आठवणींतून. खोलीत साक्षीदार तिघंच, त्यातला एक झोपलेला. आणि तारखांच्या बाबतीत फोर्डच्या आठवणीवर विसंबता येत नाही, याचा पुरावा त्याच्याच पुस्तकात आहे. १९२२ च्या आत्मचरित्रात तो म्हणतो की त्याची पहिली मोटार १८९२ साली तयार झाली. प्रत्यक्षात सायकलच्या चाकांची ती चौचाकी रस्त्यावर आली ४ जून १८९६ च्या पहाटे. शेडच्या दारातून ती बाहेर निघेना म्हणून कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडावी लागली. त्याआधी तीन महिने, मार्च १८९६ मध्ये, डेट्रॉइटच्या रस्त्यावर पहिली मोटार चार्ल्स किंग याने चालवली होती आणि फोर्ड तिच्या मागोमाग सायकलवरून गेला होता. चार वर्षांची चूक म्हणजे विसरणं नव्हे. मोठी माणसं आपला इतिहास जरा पुढे सरकवतात.

मग स्वयंपाकघराच्या गोष्टीवर विश्वास का ठेवायचा? माझी नक्कल चालली म्हणून मूळ इंजिन त्याच रात्री चाललं, असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तारीख, वेळ, नाताळ, यांतलं काही उद्या चुकीचं ठरलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. पण एक गोष्ट इंजिन बांधल्यावर मी ठामपणे म्हणू शकते. ज्या रात्री ते चाललं, त्या रात्री दुसरं माणूस तिथे होतंच. लोक क्लाराला या गोष्टीत फोडणीसारखं घालतात, म्हणजे घरगुती गोडवा यावा म्हणून. मला वाटतं सगळ्या गोष्टीत तेवढाच तपशील असा आहे की जो काढला तर इंजिन चालत नाही. फोर्ड स्वतः तिला 'विश्वास ठेवणारी' म्हणायचा. त्यात तिचं श्रेय आलं, पण तिचं काम नाही आलं. नुसत्या विश्वासाने प्लग कोरडा राहत नाही.

माझ्याकडे दुसरं माणूस म्हणजे आई. वय त्र्याहत्तर. तिला मी ड्रॉपर दिला, तो तिने बाजूला ठेवला आणि आतून शिलाई मशीनची जुनी पत्र्याची तेलाची कुपी काढून आणली, बुडावर दाबलं की लांब चोचीतून एकेक थेंब सोडणारी. "हिच्यावर हात बसलाय माझा," म्हणाली. कुपी आधी धुऊन वाळवली. खिडक्या उघड्या, गॅसचा सिलिंडर बाहेर, वाळूची बादली शेजारी, फळी ओट्याला दोन क्लॅम्पने आवळलेली. मी तिला सगळा हिशोब सांगायला लागले, तर म्हणाली, "सेकंद मोजत बसू का आता? तू फिरव."

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी एक फट्, आणि दोघी दचकलो. तिसऱ्या वेळी फट्, फट्, मग मधली जागा भरत गेली आणि चाक माझ्या हातातून सुटलं. आपोआप फिरायला लागलं. ओट्यावरची ताटं वाजायला लागली. मी आईकडे बघत होते. ती इंजिनाकडे बघतच नव्हती, मान जरा तिरकी करून ऐकत होती, आणि आवाज बसायला लागला की कुपीचं बूड दाबत होती. बावीस सेकंद. मोबाइलवर मोजलेत. मग तिनेच हात काढून घेतला आणि इंजिन खोकून थांबलं.

"का थांबवलंस गं?"

"वास किती सुटलाय. आणि तापलं होतं ते, दिसत नव्हतं का तुला?"

तापलं होतंच. पाण्याची सोय मी केलेली नव्हती. आणखी थोडं चाललं असतं तर पिस्टन अडकला असता.

त्यानंतर ते पुष्कळदा चाललं. जास्तीत जास्त दीड मिनिट. आई नसताना मुलाने कुपी धरली, नवऱ्यानेही धरली. नवऱ्याचा हात जड आहे, प्लग ओला होतो. मुलाला जमतं.

मेळाव्याला येताना मी ते इंजिन घेऊन येते आहे. शेडची आता कॉम्प्युटरची खोली झाली असली तरी वाइसचं एक टेबल मागच्या व्हरांड्यात अजून आहे, असं आपल्या गटातल्या एकाने सांगितलंय. फळी त्यालाच आवळू. सर येणार असतील तर त्यांनी गुण्या आणावा, माझी तयारी आहे. बाईंना "कशावरून" विचारायचं असेल तर त्यांनी पुढच्या खुर्चीत बसावं. चाक मी फिरवीन. आईला प्रवास झेपणार नाही, पण कुपी तिने दिली आहे. तेव्हा शिवणाच्या वर्गात मशीनला तेल घालायचं काम जिच्याकडे असायचं, तिने कृपया दुपारी चारला व्हरांड्यात यावं. नाव लिहीत नाही, ती ओळखेल.